कॅमेऱ्याचे तीन पाय



वसंत व्याख्यानमालेत वेदान्त, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्या पंक्तीत 'कॅमेऱ्यासाठी ट्रायपॉड कोणता घ्यावा' हा विषय वाचून पत्रिका छापताना काही घोटाळा झाला असावा, असे कित्येकांना वाटले असेल. घोटाळा झालेला नाही. मनुष्य ज्या वस्तू विकत घेतो, त्यांच्या निवडीतही विचार असतो, किंवा नसतो. आणि विचार न करता घेतलेल्या वस्तूंची एखादी यादी कोणी केली, तर माळ्यावर आणि पलंगाखाली पडून असलेल्या ट्रायपॉडांना तीत मानाचे स्थान द्यावे लागेल. या वस्तूला स्टुडिओवाले 'स्टँड' म्हणतात, कोशकार 'तिपाई' म्हणतात, आणि दुकानात 'ट्रायपॉड' म्हटल्याशिवाय ती मिळत नाही. आम्हीही दुकानाचाच शब्द वापरणार आहोत.

प्रथम थोडा इतिहास. १८३९ साली दागेरची छायाचित्रणाची रीत पॅरिसमध्ये जाहीर झाली, तेव्हा एका चित्रासाठी कॅमेऱ्याचा डोळा काही मिनिटे उघडा ठेवावा लागे. इतका वेळ कोणाचा हात स्थिर राहील? म्हणून त्या काळी ट्रायपॉड ही निवडीची गोष्ट नव्हती. तो कॅमेऱ्याचाच एक अवयव होता. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्या काळच्या छायाचित्रकारांना काचा, रसायने आणि लाकडी तिपाई असा सारा संसार बरोबर घेऊन फिरावे लागे. पुढे १९२५ मध्ये लायका हा लहानसा कॅमेरा बाजारात आला, फिल्म अधिक जलद झाली, आणि छायाचित्रकाराचे पाय मोकळे झाले. आज तर कॅमेऱ्यातच हाताचा कंप शोषून घेणारी यंत्रणा असते. पूर्वी पन्नास मिलिमीटरच्या भिंगाने हातात धरून चित्र घ्यायचे तर सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा अधिक वेळ देऊ नये असा ठोकताळा होता. आता ही यंत्रणा असली तर सेकंदाचा आठवा भागही बहुधा निभावून जातो.

तेव्हा पहिला प्रश्न 'कोणता ट्रायपॉड घ्यावा' हा नाही. 'मुळात घ्यावा काय' हा आहे. ज्यांना मुलांचे वाढदिवस, सहली आणि लग्नकार्ये टिपावयाची आहेत, त्यांनी तो घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. धावत्या मुलाचे चित्र ट्रायपॉडने सुधारत नाही, कारण तेथे कॅमेरा हलत नसून मूल हलत असते. कधी गरज पडलीच, तर खिडकीची चौकट, देवळाचा कट्टा, किंवा तांदळाने अर्धी भरलेली कापडी पिशवी हे फुकटचे ट्रायपॉड आपल्या सभोवती आहेत.

मग तो हवा कोणाला? आमच्या मते तीन प्रकारच्या कामांना. पहिले काम वेळेचे. रात्रीच्या आकाशाचे चित्र घ्यावयाचे तर वीस-पंचवीस सेकंद कॅमेरा निश्चल राहिला पाहिजे. तेथे कोणतीही यंत्रणा हाताच्या मदतीला पुरेशी नाही.

दुसरे काम पुनरावृत्तीचे, म्हणजे त्याच जागेवरून तेच चित्र पुन्हा पुन्हा घेण्याचे. याचे उत्तम उदाहरण आपल्याच मातीतले आहे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. चित्रपटाला पैसा कोण देणार, हा प्रश्न होता. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले, समोर कॅमेरा ठेवला, आणि महिन्याहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण करून रोपाची वाढ मिनिटाभरात दाखविली. ते पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. त्या महिन्यात कॅमेरा रोज तसूभर इकडेतिकडे झाला असता, तर पडद्यावर रोप वाढताना दिसण्याऐवजी उड्या मारताना दिसले असते!

तिसरे काम हात मोकळा ठेवण्याचे. आणि येथे आम्ही आपले थोडे अधिक लक्ष मागतो. आपल्या गावोगावच्या देवळांत, बारवांत, वेशींत आणि गढ्यांत शिलालेख आहेत. त्यांतले कित्येक वाचले गेले आहेत. कित्येक ऊनपावसात झिजत आहेत. जीर्णोद्धाराच्या उत्साहात काहींवर तैलरंगाचे थर चढतात, काही फरशीखाली जातात. अशा लेखाचे चित्र समोरून झगझगीत प्रकाश टाकून घेतले, तर दगड दिसतो पण अक्षर दिसत नाही. अक्षर उठून दिसते ते बाजूने, दगडाला जवळजवळ घासून जाणाऱ्या तिरप्या प्रकाशात. कारण तेव्हाच प्रत्येक खाचेत सावली बसते. आता ती बॅटरी कोण धरणार? दोन्ही हात कॅमेऱ्याला गुंतलेले असतील, तर लोक दुसऱ्या उपायांकडे वळतात. अक्षरांत खडू भरतात, पीठ चोळतात, तेल लावतात. आणि वाचण्याच्या नादात दगडाला इजा करतात. ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवला की एका हाताने छत्री धरून ऊन अडवावे, दुसऱ्या हातातील बॅटरी डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून फिरवावी आणि चार चित्रे घ्यावीत. एका चित्रात न लागलेले अक्षर दुसऱ्यात लागते. याच्याही पुढची रीत आहे. प्रकाशाची जागा बदलत घेतलेली अनेक चित्रे संगणकात एकत्र करून दगडाचा उंचसखलपणा पडद्यावर हवा तसा उजळून पाहता येतो. टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ही रीत मांडली. तिची पहिली अट एकच: सर्व चित्रे होईपर्यंत कॅमेरा केसभरही हलता कामा नये.

दगड झिजला की त्याची दुसरी प्रत कोठे मिळत नाही. जुन्या मोडी कागदांचेही तसेच. म्हणून आम्ही पुढील विवेचन मुख्यतः अशा कामाची आवड असणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून करीत आहोत. इतरांनी त्यातून आपापल्या सोयीचे उचलावे.

आता पाय तीनच का? आपल्या आजीबाईंना याचे उत्तर ठाऊक होते. शेतात चूल मांडताना त्या तीन दगड मांडीत. जमीन कशीही असो, तीन दगडांवरचे भांडे डुगडुगत नाही. कारण कोणतेही तीन बिंदू नेहमी एकाच प्रतलात असतात. चौथा पाय आला की तो एक तर अधांतरी राहतो, नाही तर दुसऱ्याला अधांतरी करतो. हॉटेलातल्या टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी असते, ती या चौथ्या पायाचीच करामत.

परंतु डुगडुगणे वेगळे आणि थरथरणे वेगळे. तीन पायांची कोणतीही वस्तू डुगडुगत नाही. थरथरते मात्र पुष्कळ. दुकानात ग्राहक पाहतो तो डुगडुग, आणि चित्र बिघडते ते थरथरीने. ही थरथर किती सूक्ष्म असते याचा हिशेब करू. छत्तीस मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर आडवे सहा हजार बिंदू असतील, तर एक बिंदू एक मिलिमीटरच्या हजार भागांपैकी सहा भाग रुंद झाला. भिंग दोनशे मिलिमीटरचे असेल, तर शंभर मीटरांवरील पदार्थाचा तीन मिलिमीटरचा भाग या एका बिंदूत मावतो. म्हणजे कॅमेऱ्याची नजर शंभर मीटरांवर अवघी तीन मिलिमीटर ढळली की चित्र एका बिंदूने पुसट झाले. गव्हाच्या दाण्याच्या जाडीइतके हे ढळणे! आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही; कॅमेऱ्याला दिसते.

ही थरथर कमी कशाने होते? येथे पदार्थविज्ञानाचे दोन सोपे नियम कामाला येतात. एका टोकाला घट्ट धरलेल्या नळीची लांबी सव्वापट केली, तर तेवढ्याच जोराने ती जवळजवळ दुप्पट वाकते; कारण वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आणि नळीच्या पत्र्याची जाडी तीच ठेवून व्यास बावीस मिलिमीटरवरून अठ्ठावीस केला, तर तिचा ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे सारांश असा: पाय जाड हवा, आणि कामापुरताच लांब हवा. ट्रायपॉडच्या खरेदीचे निम्मे शास्त्र या एका वाक्यात आहे.

यावरून उंचीचा प्रश्न घेऊ. ज्याची उंची १६५ सेंटिमीटर आहे, त्याचे डोळे जमिनीपासून सुमारे १५३ सेंटिमीटरवर असतात. त्यातून कॅमेऱ्याच्या तळापासून दर्शकापर्यंतचे सुमारे आठ आणि ट्रायपॉडच्या डोक्याचे सुमारे दहा सेंटिमीटर वजा केले, तर पायांची उंची १३५ सेंटिमीटर पुरते. उतारावर उभे राहायचे तर थोडी अधिक. हा हिशेब मधला दांडा न उचलता करावयाचा, हे ध्यानात असू द्यावे. ट्रायपॉडच्या मधोमध वर-खाली होणारा एक दांडा असतो. विक्रेता तो पूर्ण वर खेचून 'पाहा, पाच फुटांच्या वर जातो' असे सांगतो. पण तो दांडा वर गेला की तीन पायांवर एक पाय उभा केल्यासारखे होते. खालच्या तिघांनी कमावलेले स्थैर्य वरचा एकटा घालवून बसतो. क्वचित दोनचार बोटे उंची हवी असेल तेव्हा तो वापरावा. ती काही ट्रायपॉडची खरी उंची नव्हे.

उलट, शिलालेखांच्या कामात उंचीपेक्षा ठेंगणेपण अधिक लागते. लेख उंबऱ्यापाशी असतो, पायथ्याच्या दगडावर असतो, बारवेच्या पायरीवर असतो. म्हणून प्रत्येक पाय स्वतंत्रपणे हवा तितका फाकवता आला पाहिजे. स्वस्त ट्रायपॉडांत तिन्ही पाय मधल्या दांड्याला आडव्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. दिसायला ही रचना भक्कम वाटते. परंतु तिच्यामुळे तिन्ही पाय एकाच कोनात उघडतात. एक पाय वरच्या पायरीवर आणि दोन खालच्या पायरीवर ठेवायची वेळ आली की प्रत्येकाचा कोन वेगळा लागतो, आणि तेथे हा बेत फसतो. घराच्या सपाट फरशीवर जो भीमसेन वाटतो, तो बारवेत उतरला की पांगळा होतो. तेव्हा मधल्या पट्ट्या असलेला ट्रायपॉड बाहेरच्या कामाला घेऊ नये.

पायांचे भाग किती असावेत? तीन, चार किंवा पाच भागांचे पाय मिळतात. भाग जितके अधिक, तितका ट्रायपॉड घडी करून लहान होतो आणि एसटीच्या फळीवर सुखाने मावतो. पण दर भाग वरच्याच्या पोटात जायचा असल्यामुळे तीनचार मिलिमीटर बारीक होत जातो. पाचव्या भागापर्यंत येता येता पायाची काडी होते. प्रवास फार नसेल तर तीन भाग घ्यावेत. डोंगर चढायचे असतील तर चार. पाच भाग घेणाऱ्याने आपण सोयीसाठी स्थैर्य विकत आहोत, हे जाणून घ्यावे.

मग धातू की कार्बन? कार्बनच्या तंतूंचे पाय हलके असतात आणि थरथर लवकर शमवितात. पण किंमत ॲल्युमिनियमच्या दुप्पट-तिप्पट होते, आणि जोराचा आघात बसला तर ॲल्युमिनियमला पोचा येतो, कार्बनला तडा जातो. आमचा सल्ला असा की, पैसा ठरलेला असेल तर बारीक कार्बनपेक्षा जाड ॲल्युमिनियम बरे. मात्र गड चढून जाण्याचा रोजचा परिपाठ असेल, तर अर्धा किलो वजनाचा फरक तिसऱ्या तासाला खांद्याला कळतो. आणि जो ट्रायपॉड जड म्हणून घरी राहतो, तो कितीही भक्कम असला तरी चित्राच्या कामाचा नाही. लाकडी तिपाया जमिनीची मोजणी करणाऱ्यांपाशी आपण पाहिल्या असतील. लाकूड कंप फार छान गिळते, पण ते वाहून नेण्यास मोजणीदाराचे खांदे पाहिजेत.

आता डोके. पायांवर बसणारा आणि कॅमेरा धरणारा जो भाग, त्याला डोके म्हणतात, आणि चांगल्या ट्रायपॉडात ते वेगळे विकत मिळते. गोळ्यावर फिरणारे डोके झटपट वळते. एक मळसूत्र सैल केले की कॅमेरा कोठेही झुकतो. फिरतीवर ते उत्तम. पण कागद किंवा शिलालेख काटेकोर सरळ रेषेत आणायचा असेल, तर तीन दांड्यांचे डोके अधिक उपयोगी. त्यात आडवे, उभे आणि तिरपे वळण स्वतंत्रपणे बदलता येते, म्हणजे एक दुरुस्त करताना दुसरे बिघडत नाही. चलच्चित्र घेणाऱ्यांना तेल भरलेले, सावकाश वळणारे डोके लागते. मोठे भिंग लावून पक्ष्यांच्या मागे लागणाऱ्यांना झोपाळ्यासारखे टांगणारे डोके लागते. एकाच डोक्याने ही सारी कामे होतात असे सांगणाऱ्या विक्रेत्यास नमस्कार करून पुढच्या दुकानी जावे.

डोक्यावर कॅमेरा बसविण्याची एक पट्टी असते. ती त्या एकाच कंपनीची, वेगळ्याच मापाची असेल, तर हरवल्या दिवशी सारा ट्रायपॉड निकामी होतो. बहुतेक कारखाने आता सुमारे अडतीस मिलिमीटर रुंदीची, आर्का पद्धतीची पट्टी वापरतात. तीच घ्यावी, म्हणजे दुसरी कोठेही मिळते.

दुकानात काय पाहावे? बैल घेताना शेतकरी दात पाहतो, चालवून पाहतो; तसा ट्रायपॉड उभा करून पाहावा. आपला कॅमेरा आणि आपल्यापाशी असेल ते सर्वांत लांब भिंग बरोबर न्यावे. पाय पूर्ण उघडावेत, मधला दांडा खाली ठेवावा. डोक्यावर तळहात टेकून खाली दाबावे; एखादा सांधा सरकला तर तेथेच विषय संपला. मग डोके धरून हलकेच पिळून पाहावे. पुष्कळ ट्रायपॉड वरचा भार सोसतात, पण पिळवटले की सैल पडतात. त्यानंतर कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र मोठे करून समोरच्या पाटीवरील एखादे अक्षर धरावे, भिंगाच्या टोकाला बोटाने टिचकी मारावी, आणि अक्षर शांत व्हायला किती वेळ लागतो ते मोजावे. दोन ट्रायपॉडांची ही परीक्षा लागोपाठ केली की माहितीपत्रक वाचण्याची गरज उरत नाही. शेवटी अक्षर चौकटीच्या मधोमध आणून डोके आवळावे आणि हात काढावा. अक्षर खाली घसरले, तर ते डोके मान टाकते असे समजावे.

माहितीपत्रकात 'दहा किलो भार पेलतो' असे लिहिलेले असते. तो आकडा प्रत्येक कारखाना आपापल्या रीतीने काढतो; त्यांची एकमेकांशी तुलना होत नाही. शिवाय भार पेलणे आणि कंप आवरणे हे दोन वेगळे गुण आहेत. वेताच्या लवचीक टोपलीत दहा किलो भाजी मावते, म्हणून ती निश्चल असते असे नव्हे.

आता पैशाची गोष्ट. हजार-दीड हजारापासून पन्नास हजारांच्या पुढेपर्यंत ट्रायपॉड मिळतात. मध्यमवर्गी घरात हा खर्च सहज होत नाही, याची आम्हांस जाणीव आहे. त्यासाठी तीन गोष्टी सुचवितो. पहिली, आधी पायांवर पैसा घालावा, डोके साधे घ्यावे. डोके पुढे बदलता येते, पाय बदलणे म्हणजे नवा ट्रायपॉड घेणे. दुसरी, वापरलेला ट्रायपॉड घेण्यात कमीपणा मानू नये. कॅमेरा दहा वर्षांत जुना होतो, पण पायांच्या नळ्या आणि सांधे शाबूत असलेला वीस वर्षांचा ट्रायपॉड आजही तितकेच काम देतो. तिसरी सूचना आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. चार इतिहासप्रेमींनी चार घरांत चार तकलादू ट्रायपॉड घेण्यापेक्षा, गावच्या वाचनालयाने किंवा इतिहास मंडळाने सर्वांच्या वर्गणीतून एकच चांगला घ्यावा आणि पुस्तकासारखा नोंद करून द्यावा. ही वस्तू रोज लागत नाही. लागते तेव्हा मात्र उत्तमच लागते. अशी वस्तू सामाईक असणे हाच शहाणपणा.

वापराविषयी थोडक्यात चार शब्द. उतारावर दोन पाय उताराकडे आणि एक चढाकडे ठेवावा. उंची वाढवताना वरचे जाड भाग आधी उघडावेत, बारीक भाग शेवटी. चित्र घेताना कळ बोटाने न दाबता दोन सेकंदांच्या अंतराने आपोआप उघडण्याची सोय वापरावी, म्हणजे बोटाचा धक्का जातो. कंप शोषणारी यंत्रणा पुष्कळ भिंगांत ट्रायपॉडवर बंद करावी लागते. भिंगाची पुस्तिका काय सांगते ते पाहावे. वाऱ्यात मधल्या आकड्याला पिशवी अडकवायची तर ती जमिनीला टेकू द्यावी. लोंबकळणारी पिशवी स्वतःच झोके घेऊ लागते. कोकणच्या वाळूत आणि खाऱ्या पाण्यात उभा केला असेल, तर घरी येताच गोड्या पाण्याने धुऊन, सांधे उघडून वाळवावा. आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत ट्रायपॉड लावण्यास आगाऊ परवानगी लागते, ती मागावी. पहारेकऱ्याशी वाद घालून मिळवलेल्या चित्रापेक्षा एका अर्जाने मिळवलेले चित्र अधिक निवांतपणे घेता येते, आणि निवांतपणा हाच तर या वस्तूचा उपयोग.

ट्रायपॉड मनुष्याला थांबवितो. तो मांडायला पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांत प्रकाश कोठून येतो, दगड कोठे फुटला आहे, ओळी किती आहेत, हे पाहणे आपोआप घडते. आपल्या गावातला जो लेख आपण लहानपणापासून ओलांडून जात आलो, त्यापुढे एकदा असे थांबावे, चार बाजूंनी प्रकाश टाकून चार चित्रे घ्यावीत आणि ती जाणकारांच्या हाती द्यावीत. पुढच्या पावसाळ्याने त्यातले एक अक्षर नेले, तरी ते आपल्यापाशी राहील.